चार बोटं जास्त

आखातातल्या जिदहफ्सच्या बाजारातला तो म्हातारा शिंपी रत्नागिरीचा. गळ्यात टेप, आणि बोलताना नजर समोरच्याच्या तोंडावर कधीच नाही, खांद्यांवर. मी सीफमधल्या बँकेत दिवसभर वाकून बसणारा माणूस. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात मला राजाचं काम मिळालं होतं आणि तालमीत ते काही केल्या जमत नव्हतं.

झग्याचा नमुना म्हणून मी त्याला एक चित्र दाखवलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी मासिकातलं, राजाच्या वेशातल्या एका नटाचं. ताठ मान, पायघोळ झगा, कमरेशी आवळलेली मूठ.

"काय रुबाब आहे ना, चाचा?"

त्यानं चष्मा कपाळावर सारला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि त्या मुठीवर खडू टेकवला. "झगा ह्याच्या मापाचा नाय. लांब झालाय. पायात येऊ नये म्हणून धरलाय बिचाऱ्यानं."

मी बघतच राहिलो. महिनाभर आरशासमोर ज्या मुठीची मी नक्कल करत होतो, तिच्यात नुसतं कापड होतं.

"मग माझा तरी बरोबर मापाचा शिवा."

"खुळे की काय?" तो हसला. "तुमचा चार बोटं जास्तच ठेवतो. हातात धरायला काही नसलं तर तुम्ही राजा होणार कसे?"

प्रयोगाला मी विंगेतून पाऊल टाकलं आणि झगा पायात आला. तो मुठीत धरला, तशी मान आपोआप वर गेली. सभागृह एकदम गप्प झालं. तिसऱ्या रांगेत म्हातारा शिंपी बसला होता. पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होता.