बोट ठेवून वाचणारे बाबा

घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात मी ॲपचे स्क्रीन डिझाइन करते. सोसायट्यांच्या ॲपमधली सभासदांची यादी माझ्याकडे आली, तेव्हा मी एडिटचं पेन्सिलचं चिन्ह उडवलं आणि सेव्हचं बटणही. नावावर टॅप केलं की जुनं नाव पुसून रकाना मोकळा व्हायचा, नवं टाइप करायचं, बोट दुसरीकडे लागलं की बदल आपोआप सेव्ह. ऑफिसात सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हवेत.

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत तेव्हा पुनर्विकासाची धामधूम होती. बाबा सेक्रेटरी. त्यांचं रजिस्टर मी हट्टाने बंद करायला लावलं आणि हातात टॅब दिला. सभेच्या दिवशी दुपारी त्यांनी घरी दोनदा यादी वाचली, प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून. पेपर, पोथी, लाइटबिल, बाबा सगळं असंच वाचतात. लहानपणापासून बघतेय, आणि डिझाइन करताना मला ते एकदाही आठवलं नाही!

सभेत यादी वाचून झाली आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. काका गेल्यावर घर नुकतंच त्यांच्या नावावर झालेलं.

"भावजी, माझं नाव कुठाय? हे गेले म्हणून मीपण गेले काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "बिल्डरने सांगितलं असेल."

इतक्या वर्षांत बाबांवर असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी टॅबवर पाहिलं. काकूंच्या घर नंबरापुढे नुसती मोकळी जागा होती. त्यांनी हात जोडले. "माझीच चूक." नाव कशाने गेलं ते शेजारीच बसलेल्या मला कळलं होतं, तरी मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

रजिस्टरवरून काकूंचं नाव परत चढलं. मी पेन्सिलही परत आणली, कारण मात्र ऑफिसात सांगितलं नाही. रोज माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षात बसून मी बाबांना काय सांगायचं ते घोकायचे, आणि घरी पोचेपर्यंत गिळायचे. स्वतःचीच चीड यायची.

शेवटी एका रविवारी बोलले. "बाबा, चूक तुमची नव्हती. ते पान मीच तसं केलेलं. बोट लागलं की नाव जायचं."

"असू दे गं," ते म्हणाले, "बापाला सांभाळून घेतेस. माझाच हात आता थरथरतो."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं नाही.

आता ते टॅब टेबलावर ठेवतात आणि हात मागे बांधून वाचतात. मध्येच ओळ चुकते, मग परत वरून सुरुवात करतात. परवा पेपरसुद्धा तसाच वाचत होते.