माझा पायगुण आणि बाळकुमचा ट्रक

डिझेलचा वास आला की मला बाळकुम गावातला आमचा जुना ट्रक आठवतो. कधी एका चावीत सुरू व्हायचा, कधी ढिम्म हलायचा नाही. मी शेजारी बसले की मात्र हमखास सुरू! "तुझा पायगुण," म्हणत हे मला विटांच्या खेपेला खडवलीपर्यंत न्यायचे. मीही खूश.

एकदा मिस्त्रीने माझी सीट उचलली. खाली बॅटरीची वायर सैल होती.

"वहिनी, तुमच्या वजनाने ती टेकते."

हे पोट धरून हसले. मिस्त्रीने वायर घट्ट आवळली आणि माझ्या खेपा संपल्या, असं मला वाटलं.

दुसऱ्या सकाळी दारात हॉर्न वाजला.

"झाला ना सुरू?" मी फुरंगटून विचारलं.

"झाला. पण चल गं, एकट्याला कंटाळा येतो."

तेव्हा मला वजनाचं बोलणंच मनाला लागलेलं. आता हसू येतं, आणि तो हॉर्न ऐकावासा वाटतो.