शेजाऱ्याचं स्टिकर

माझा फोन ज्याने दुरुस्त केला, त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा फोन गोंदियाच्या बाजारात दुरुस्तीला अडकला होता आणि दुकानदार दवाखान्यात ऑक्सिजनवर होता. त्याच्या बंद शटरसमोर उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानातून हाक आली, "इकडे या भाऊ. त्याचे सारे फोन आम्ही मेकॅनिक लोकांनी वाटून घेतले."

हाक मारणारा तोच, जो एरवी शेजाऱ्याचं गिऱ्हाईक ओढायला टपलेला असायचा.

लॉकडाऊन होता, म्हणून अर्ध्या शटरआड तो माझा फोन उघडून बसला. बाहेरून पोलिसाने काठी आपटली. मान वर न करता तो म्हणाला, "साहेब, फोन बंद राहिले तं लोकं दवाखान्यातल्या मानसासंग बोलतीन कसे?" काठी पुढे गेली.

फोन सुरू झाल्यावर त्याने डबीतून शेजाऱ्याच्या दुकानाचं स्टिकर काढलं. पुढच्या वेळी गिऱ्हाईकाने आपल्याकडेच यावं म्हणून प्रत्येक मेकॅनिक आपलं स्टिकर फोनला लावतो.

"काम तुम्ही केलं, तुमचं लावा ना," मी म्हणालो.

तो भडकलाच. "काऊन? मेला का तो? येऊन राहिला तो!"

आणि कोणाची हिंमत आहे काढायची, अशा जोराने त्याने ते स्टिकर अंगठ्याने दाबून बसवलं.