नामंजूर, पण

बोईसरात विश्वास ठेवण्यासारखं माणूस एकच आहे आणि ते म्हणजे आपण स्वतः, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं मत आहे. आणि त्या माणसावरही ते रोजच्या रोज विश्वास ठेवतात असं नाही. कुलूप लावलं की ते सात वेळा ओढून बघतात, जिना उतरून फाटकापर्यंत जातात, आणि ओढलं खरं पण नीट ओढलं का, असा स्वतःवरच संशय घेऊन पुन्हा वर येतात. मी खाली स्वयंपाकघरात असते. त्यांच्या चपला किती वेळा वर-खाली झाल्या यावरून ते कुठं निघालेत ते मला पोळ्या लाटता लाटता कळतं. दोन खेपा म्हणजे भाजी, तीन म्हणजे बँक, आणि चार झाल्या की समजावं, आज स्वारी पालघरला चालली.

काका मूळचे चिंचणीचे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली, तीही माल तपासायच्या खात्यात. सदतीस वर्षं माणसाला पगारच जर संशय घेण्याचा मिळाला, तर तो निवृत्त होऊन तरी काय करणार? निरोप समारंभात कारखान्यानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते काकांनी आठ दिवस रेडिओच्या वेळेशी ताडून पाहिलं आणि मगच खिळा ठोकला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काकांचं तोंड कधीच पोळलं नाही, तरी ते दूधही फुंकतात, ताकही फुंकतात, आणि पाणी तर दोनदा गाळतात.

गॅसचा सिलिंडर आला की ते आधी तो काट्याला लावतात, मग साबणाचा फेस करून गळतोय का बघतात, आणि तोवर सिलिंडरवाला जिन्यात बसून बिडी ओढतो. वर ती काका ओढू देत नाहीत, म्हणून तो खालच्या पायरीवर येतो आणि धूर माझ्या घरात सोडतो. नांदगावहून मासळीची पाटी घेऊन येणारी बाई तर त्यांची रोजची शिकार. पापलेटाचा कल्ला पेनाच्या टोकानं उचलायचा, आत डोकवायचं, वास घ्यायचा, ऊन कुठून येतंय ते बघून पुन्हा डोकवायचं. ती एकदा म्हणाली, "काका, रोज नाकाला लावता, एक दिवस हा पापलेट तुमचं नाक चावंल. आमी समुद्राला कदी पावती मागत नाय." काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "मागायला हवी." हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत अंगठा लावायचं यंत्र आलं, तेव्हा त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं, "मी जिवंत आहे हे यंत्र सांगणार. पण यंत्र ठीक आहे हे कोण सांगणार?" आणि फोनवर खातं बंद होतंय म्हणून घाबरवणारा एक भामटा होता, त्याला काकांनी पाऊण तास त्याचं नाव, खातं, वरिष्ठ आणि वरिष्ठाचा वरिष्ठ विचारला. शेवटी तोच म्हणाला, "अंकल, रहने दीजिए," आणि त्यानं फोन ठेवला. काकांना मात्र चुटपुट लागून राहिली, की वरिष्ठाचं नाव त्यानं दोनदा वेगवेगळं सांगितलं.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांची फळी. औषधाच्या कारखान्यात म्हणे नियम असतो, की कुठलाही माल बाहेर पाठवण्याआधी त्यातला थोडा नमुना बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवायचा. पुढं तक्रार आली तर बाटली उघडून बघता येतं. मुदत संपली की नमुना नष्ट करायचा. हा नियम काका घरी घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर एक लांब फळी, आणि तिच्यावर बोटाएवढ्या काचेच्या बाटल्या ओळीनं. कुणाच्या घरून काहीही आलं, की आधी चमचाभर बाटलीत. वर पांढरी चिठ्ठी: पदार्थ, कुणी दिला, तारीख, आणि खाली शेरा, मंजूर किंवा नामंजूर. काकू कपाळाला हात लावायच्या. म्हणायच्या, "एकोणचाळीस वर्षं झाली गं लग्नाला, माझ्या मसाल्याचीसुद्धा बाटली भरतात. मी अजून टेस्टिंगवरच आहे."

आमची ओळख या बाटल्यांतूनच बिघडली आणि त्यांतूनच सुधारली. मी साताऱ्याकडची. यांच्या नोकरीपायी बोईसरला आले, आणि पहिल्याच वर्षी सत्यनारायण घातला. सव्वा किलो रव्याचा शिरा, साजूक तूप, केळी, वेलदोडे. काका आले, देवाला नमस्कार केला, द्रोण हातात घेतला, आणि चार माणसांत खिशातून बाटली काढून प्रसादाचा शिरा तिच्यात भरू लागले. चिठ्ठी लिहायला पेन भटजींचं घेतलं. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की मी आठ दिवस वरच्या माणसांशी बोलले नाही. नवव्या दिवशी काकू आल्या, हातात उकडहंडीचं, म्हणजे इकडच्या मिश्र भाजीचं, पातेलं, आणि ओट्याला टेकून म्हणाल्या, "मनावर घेऊ नको. जे खायचं असतं, त्याचीच बाटली भरतात ते. ज्याच्यावर विश्वास नाही त्याचं तर उंबऱ्याच्या आतसुद्धा येत नाही." तेव्हापासून माझ्या नावाची बाटली फळीवर असणं हा मी मान समजू लागले. मासे धुवायला, बोंबील कापायला मला काकूंनीच शिकवलं. मला बहीण नाही, ती उणीव त्यांनी भरून काढली.

गेल्या वर्षी श्रावणात काकू गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि दुपारी नव्हत्या. काकांनी दवाखान्याच्या कागदांचे सगळे आकडे तीन वेळा तपासले, जणू कुठंतरी बेरीज चुकली असेल आणि बाई परत मिळेल. मुलगी नाशिकला असते. ती महिनाभर राहिली, तिनं स्वयंपाकाला बाई ठरवून दिली आणि गेली. ती बाई तीन दिवस टिकली. दुसरी एकच दिवस. तिच्या हातात घालायला काकांनी कारखान्यातले रबरी मोजे दिले होते. मुलीचा मला फोन आला, "काकू, बाबा जेवतात का हो? व्हिडिओ कॉलवर गालफडं बसलेली दिसतात. दिवाळीला मी येते, आणि असेच दिसले तर सरळ घेऊन जाते. एवढ्यावर मी गप्प बसणार नाही." तिचं काही चुकत नव्हतं. पण काका मला जिन्यात म्हणाले, "वहिनी, मी नाशिकला काय करू? तिथं ओळखीचं कुणी नाही. संशय घ्यायलासुद्धा माणूस ओळखीचं लागतं." तेव्हा त्यांचा शर्ट खांद्यावरून घसरत होता. मी त्याच दिवसापासून दोन्ही वेळचा डबा वर पाठवायला लागले.

डबा रोज घासूनपुसून परत यायचा. आपल्याकडं दुसऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून काका त्यात साखरेची छोटी पुडी ठेवायचे, आणि पुडीवर लिहिलेलं, 'साखर, तपासलेली'. सोबत एक चिठ्ठी. 'आमटी: मंजूर. मीठ मर्यादेत.' 'भरली वांगी: मंजूर. तिखट किंचित अधिक.' मी या चिठ्ठ्या यांना वाचून दाखवायची. एकवीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्या आमटीला कधी मंजूर म्हटलं नव्हतं.

आणि मग मासळीवाली बाई एके दिवशी पाटी उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, तुमच्या जिन्याखालचा कुत्रा बगा कसा झालाय. पयला पाटीमागं गावभर फिरायचा, आता बोंबील टाकला तरी उठत नाय. कोन घालतंय त्याला एवढं?" मी लाल्याकडं बघितलं. दाराआडच्या जुन्या पोत्यावर तो जहागीरदारासारखा पसरला होता. माझ्या मनात पाल चुकचुकली. वाण नाही पण गुण लागला म्हणतात तो असा. मी चक्क पाळत ठेवायला लागले. काकांचा डबा वर गेला की मी कांदे निवडायच्या निमित्तानं दाराशी बसायची. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळं सामसूम झाल्यावर, वरून चपला वाजल्या. काका हळूच उतरले, इकडं तिकडं बघितलं, आणि माझी डाळमेथी, दोन पोळ्या आणि कोशिंबीर, सगळं लाल्याच्या थाळीत. वर त्याच्या डोक्यावरून हात.

मी तशीच कांद्याच्या हातानं वर गेले. "काका, माझा डबा कोण खातं?"

काका खुर्चीवर बसलेले. हातात पेन, समोर त्या दिवसाची चिठ्ठी, आणि तिच्यावर 'डाळमेथी: मंजूर' एवढं लिहून झालेलं. त्यांनी आधी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"लाल्यानं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वहिनी, चुकलं माझं. सदतीस वर्षांत मी एकही खोटा शेरा मारला नाही. आणि तुमच्या डब्यावर महिनाभर रोज खोटं लिहितोय. तुम्ही एवढ्या मायेनं करता, तुम्हाला नामंजूर कसं लिहू? घास तोंडात घेतो, पण खाली उतरत नाय."

"काय वाईट असतं त्यात?"

"वाईट कायच नाय. हिच्यासारखं नाय, एवढंच."

मला आधी भयंकर राग आला, मग रडू आलं, आणि रडू आलं म्हणून पुन्हा राग आला. कुत्र्याला घातलं याचा नाही. हा माणूस वर बसून उपाशी झिजत होता आणि मी खाली त्याच्या चिठ्ठ्या कौतुकानं वाचत होते, याचा. मी विचारलं, काकूंचा मसाला कुठंय? वर्षाचा करून ठेवला होता ना त्यांनी? काका म्हणाले, पावसात बरणीला हवा लागली, कडेला बुरशी दिसली, म्हणून फेकला. नियमच तो. सगळी बरणी स्वतःच्या हातानं फेकली. एवढं सांगून ते उठले, आणि फळीच्या अगदी कोपऱ्यातून त्यांनी एक बाटली काढली. मेणानं बंद केलेली, आत चार चमचे लालभडक मसाला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'घरचा मसाला. दिला: हिने.' तारीख होती. शेऱ्याची जागा कोरी. मी फळीवर बघितलं, तर काकूंच्या नावाच्या आणखी दोन बाटल्या होत्या, एक मेतकुटाची आणि एक कोकमांची. त्यांचीही जागा कोरीच.

"यांच्यावर शेरा नाही?"

"तिचं काय तपासायचं," काका म्हणाले.

"मग हे कधी सांगितलंत का त्यांना? त्या शेवटपर्यंत म्हणत होत्या, टेस्टिंगवर आहे."

काकांनी बाटलीच्या चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नाय सांगितलं." आणि बाटलीचं मेण त्यांनी स्वतः सोडवलं.

त्यानंतर आमच्या घरी जे सुरू झालं त्याला स्वयंपाक म्हणणं कठीण आहे. बाटलीतली एक चिमूट काकांनी बशीत काढली, आणि म्हणाले, याच्याशी जुळवा. वजनकाटा त्यांचा, नाक माझं. धणे, बडीशेप, दगडफूल, दोन जातींच्या मिरच्या, काकू बोलता बोलता जे सांगायच्या त्यातलं आठवेल ते. चटणीएवढा मसाला वाटायचा, त्याची आमटी करायची, डबा वर पाठवायचा. आता मी बजावलं होतं, खोटं लिहायचं नाही. पहिली चिठ्ठी आली: 'नामंजूर. दगडफूल जास्त.' दुसरी: 'नामंजूर. धणे करपलेत.' तिसऱ्या वेळी तर नुसतं 'नामंजूर' आणि खाली रेघ. मी रागानं लाटणं आपटायची आणि पुन्हा मिरच्या भाजायला घ्यायची. हे कारखान्यातून आले की ताट बघून विचारायचे, "आज कितवी बॅच?" आणि नापास झालेला सगळा माल मुकाट्यानं खायचे.

दिवाळीच्या दोन दिवस आधी काकांची मुलगी आली ती नाशिकहून गाडी करूनच. वर न जाता आधी माझ्याकडं आली. बॅग खाली ठेवून म्हणाली, "काकू, मी त्यांचं सामान भरायलाच आलेय. तुम्ही मध्ये पडू नका." मी मध्ये पडणारच होते, पण तेवढ्यात दाराशी डबा वाजला. काका सकाळचा डबा कठड्यावर ठेवून, पोरगी आलीय हे न कळताच, परत वर गेले होते. सातव्या की आठव्या मसाल्याची आमटी होती ती, आणि मला स्वतःला तिच्यातून काही आशा नव्हती. डबा तिनंच उघडला. साखरेची पुडी. तपासलेली. खाली चिठ्ठी. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, आणि माझ्या हातात दिली.

'आमटी: नामंजूर. हिच्यासारखी नाही. पण सगळी संपवली.'

मी डब्याला नाक लावलं. घासूनही कडेच्या खाचेत पोळीचा कण राहिला होता, म्हणजे घासायच्या आधी तो पोळीनं पुसून घेतलेला होता. बाहेर लाल्या मासळीवाल्या बाईच्या पाटीमागं निघाला होता. मुलगी ओट्याशी उभी राहून खूप रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "राहू दे त्यांना इथंच." मग ती वर गेली.

त्याला आता वर्ष होत आलं. डबा अजून रोज जातो आणि नामंजूर होऊन रोज रिकामा येतो. मंजुरीची मी वाटही बघत नाही. ती मिळाली तर खोटी असेल, हे मला आता कळतं. त्या बाटलीत दीड-दोन चमचे मसाला उरलाय. नियमाप्रमाणं तिची मुदत संपली, नष्ट करायला हवी. मी वर गेले की काका ती इतर बाटल्यांच्या मागं सरकवतात, आणि मी दुसरीकडं बघते.