चेन पडू नये म्हणून

सकाळी आम्ही कंपनीतले काही जण सायकलींवरून डोंगराच्या पायथ्याशी आलो की आमच्यातले एक जण सायकल थांबवायचे, उकिडवे बसायचे आणि पुढच्या दातेरी चकतीवरून बोट फिरवायचे. आम्ही वैतागून म्हणायचो, "अहो, कालच बघितली ना?" ते वर न बघता म्हणायचे, "बघू द्या जरा. रिक्षा यायच्या आत घरी पोचायचंय मला."

सायकलवर निघालेल्या माणसाला रिक्षाची काळजी कशाला, असं नव्या माणसाला वाटायचं. ती रिक्षा शाळेची होती. मुकुंदवाडीत त्यांच्या शेजारच्या खालांचा, म्हणजे मावशींचा, नातू तिच्यातून जायचा. पहाटेची नमाज झाली की खाला यांच्या घरी येऊन यांच्या बायकोजवळ बसायच्या आणि रिक्षाची वेळ झाली की नातवासाठी उठायच्या. वहिनींना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणंही जवळजवळ गेलं होतं. घरात तिसरं कुणी नव्हतं. खाला येऊन बसायच्या तेवढाच काय तो वेळ यांचा स्वतःचा.

कंपनीत ते स्टोअरला होते आणि मी हिशेबाला. दिवसभर माणसं त्यांच्याकडे काही ना काही मागत असायची. घरी गेलं की औषधं, अंग पुसणं, भरवणं, आणि रात्री वहिनींची कूस बदलायला पुन्हा पुन्हा उठणं. जेवणाच्या सुट्टीत डब्यावर हात ठेवून डुलक्या काढणारा असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. अशाला आपण झोपाळू म्हणून हसतो. आम्हीही हसायचो.

मग मिळालेल्या वेळात झोपायचं सोडून डोंगर कशाला चढायचा? एकदा मी विचारलंच.

"घरात झोप लागत नाय, भाऊ. कान तिच्याकडंच ऱ्हातेत," ते म्हणाले. "अन हे बी सोडलं तर मी चिडचिड करायला लागंन. ती ऐकायला घरात ती एकटीच हाय."

पुतण्या पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याची ही सायकल यांच्याकडे आली. जाड टायरची, डोंगरात चालणारी, पुढे एकच चकती. दोन-तीन चकत्यांच्या सायकलीला पुढे गिअर बदलणारा पत्र्याचा चिमटा असतो, तो चेनला जागेवर धरतो. इथे चिमटाच नाही. सायकल उसळली की चेन पडायची. त्यात देवळाईच्या पलीकडचे ते डोंगर म्हणजे नुसता काळा दगड. एखादा खालून चकतीवर बसला की दात वाकलाच.

एकदा तसा तो वाकला. चेन बसवली की पडायची, बसवली की पडायची. हात काळे करून घेत, सायकल ढकलत ते घरी पोचले. तोवर रिक्षा आली होती आणि खाला उठून गेल्या होत्या. एकट्यानं उठायच्या नादात वहिनी पलंगावरून खाली आल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण त्यांना बायकोला फरशीवरून उचलावं लागलं.

आता हा माणूस काही येत नाही, असं आम्ही धरून चाललो. पण ते आले.

"तिनंच धाडलं," ते म्हणाले. "'जा' एवढा एकच शब्द येतो तिला. तोच म्हणायली सारखा."

चकतीला बाहेरून एक पांढरा, जाड प्लास्टिकचा गोल लावला होता, म्हणजे दगड आधी त्याला लागावा. उरलेल्या तुकड्याची पट्टी वर सायकलच्या नळीला बांधली होती, म्हणजे चेन उसळली तरी बाजूला सरकू नये. गोल धड गोल नव्हता आणि पायडल मारताना खडखडायचा. त्यावर सुरीचे ओरखडे होते आणि हळदीचा पिवळा डाग. वहिनींचा भाजी चिरायचा बोर्ड होता तो. विकतचा गार्ड या सायकलला बसत नव्हता, म्हणून त्यांनी वहिनींना विचारून तो करवतीनं कापला होता. त्यानंतर आमच्यात त्यांना "काय, आज कुठली भाजी?" असंच विचारायची पद्धत पडली. ते कंटाळलेलं हसायचे. चेन मात्र पडली नाही. सुरीच्या ओरखड्यांवर दगडांचे ओरखडे चढत गेले, आणि ते रोज वेळेत घरी पोचत राहिले.

मग एका सकाळी माथ्यावर ते आपणहून बोलायला लागले. व्यायामानं वहिनींचा हात थोडा हलायला लागला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि हातानंच चिरायची खूण केली.

"बोर्ड कुठाय, असं विचारायली. म्हटलं, सायकलला लावलाय, तुला विचारून तर घेतला. तर हसली, भाऊ. लई हसली. आजारी पडल्यापासून हसली नव्हती ती."

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. नवा बोर्ड त्याच दिवशी आणला. एक भेंडी चिरायला वहिनींना अर्धी संध्याकाळ लागते, असं ते कौतुकानं सांगायचे.

आणि काही महिन्यांनी ते यायचेच बंद झाले. कंपनीत रजा टाकलेली, फोन बंद. आमच्या मनात वाईटच आलं. एका सकाळी डोंगराकडे न जाता मी सायकल मुकुंदवाडीकडे वळवली.

दार वहिनींनी उघडलं. स्वतः चालत येऊन, वॉकरला धरून. मी बघतच राहिलो. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हातात, वॉकरच्या दांड्याबरोबर धरलेला, यांचा फोन होता, बंद केलेला.

"निज... लेत," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर जुळवत.

त्यांच्या मागे पलंगावर ते दिसले. उन्हाची तिरीप तोंडावर आली होती, तोंड उघडं, एक हात पलंगाखाली लोंबत होता. इतका गाढ झोपलेला मोठा माणूस मी फार दिवसांनी पाहिला.

"रोज... झोप... तेत," वहिनी म्हणाल्या आणि दार अर्धं ओढून त्यात उभ्या राहिल्या. मला त्यांनी आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"असू द्या, वहिनी. उठवू नका," मी हळू म्हणालो.

माझ्या सायकलचं मागचं चाक ढकलताना टकटक वाजतं. मी ती खांद्यावर घेतली आणि गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत खाली ठेवली नाही.