कोपऱ्यापर्यंतची चक्कर

शनिवार पेठेतले आमचे सायकलवाले "ठेवा, उद्या या" याच्यापुढे सहसा बोलत नाहीत. दुरुस्ती झाली की कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून दोन मिनिटांत परततात, सीट फडक्याने पुसतात आणि मगच सायकल देतात.

स्पेनमध्ये सायकल चालवून आल्यावर मी ती त्यांच्याकडे नेली. ब्रेक आवळता आवळता त्यांनी विचारलं, "काय होतं तिथे?"

मी सांगत सुटलो. नदीकाठचा मोकळा रस्ता, जुना दगडी पूल, टेकडीवरचा किल्ला. दर वळणावर थांबावंसं वाटायचं.

त्या दिवशी ते चक्कर मारायला गेले ते तासाभराने आले.

"अहो, कुठे होतात?"

"आपल्या नदीवर."

बराच वेळ ते सीट पुसत राहिले.

"ब्रेक चांगले लागतात," ते म्हणाले. "थांबावंसं मात्र कुठे वाटलं नाही."