मेदप्पांच्या बंदुकीचा दुसरा बार

आमच्या मेदप्पांनी जन्मात बंदुकीने एक नारळ फोडला नाही. कैलपोदच्या सणाला घरोघरच्या बंदुका फुलं वाहून पुजायच्या आणि मग झाडाला बांधलेला नारळ नेम धरून फोडायचा, ही आमची कोडगूची, म्हणजे कूर्गची, रीत. मेदप्पा पंचवीस वर्षं फौजेत होते, पण बँडमध्ये ढोल वाजवायला. सणाला ते आजोबांची दुनळी ठासणीची बंदूक खांद्याला लावायचे, डोळे गच्च मिटायचे आणि नारळ सोडून बाकी कशालाही भोक पाडायचे. एकदा माझ्या वाळत घातलेल्या साडीला पाडलं. ती साडी मी जपून ठेवली आहे, भांडणात उपयोगी पडते.

त्यांची नात देचम्मा मात्र पंधराव्या वर्षी त्याच बंदुकीने पहिल्या बाराला नारळ फोडून मोकळी झाली. त्या दिवसापासून मेदप्पांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं, बंदूक देचूला द्यायची. पण घरात बोजक्का होत्या. मेदप्पांची थोरली बहीण, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली आणि सगळ्या घराला धाकात ठेवणारी. त्यांनी एकदाच सांगितलं, "घरची बंदूक घरच्या मुलाची. पोरगी उद्या परक्या घरची. मी मेल्याशिवाय ही बंदूक उंबरा ओलांडणार नाही."

मग मेदप्पा सात वर्षं विचार करत बसले. विचार करायला यायचे शेजारी, माझ्या स्वयंपाकघरात, कॉफी प्यायला.

"देऊ का गं?"

"द्या की, मेदप्पण्णा."

"पण अक्का?"

"मग नका देऊ."

"पण देचू?"

माझी कॉफी संपायची, त्यांचा विचार संपायचा नाही. देचूच्या लग्नात बंदूक चादरीत गुंडाळून मांडवापर्यंत नेली होती. बोजक्का नुसत्या खोकल्या. मेदप्पा मागच्या मागे वळले आणि नातीला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

देचू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्या काळी आमच्या खोऱ्यात फोन एकच, तोही रुसलेला. बातमी कळायची ती बंदुकीने. मुलगा झाला की अंगणात एक बार. कुणी गेलं की लागोपाठ दोन. मुलगी झाली की काहीच नाही.

मुलगी झाली सकाळी नऊला. मेदप्पांनी तिचं नाक पाहिलं, आपल्यासारखंच नकटं, आणि त्यांचं भानच सुटलं. "आज बार होणार म्हणजे होणार!" म्हणत त्यांनी बंदूक काढली. दारू ओतली, वर काथ्या ठासला. हाताच्या सवयीने दोन्ही नळ्या भरल्या. डोळे मिटून चाप ओढला तो उजवाच. पण डाव्या नळीचा घोडा झिजलेला, हादऱ्याने तोही पडला.

धाड! धाड!

मी अंगणात कॉफीची फळं वाळत घालत होते. हातातली टोपली तशीच पडली. दोन बार, मेदप्पांच्या घरून! बोजक्का एक्क्याण्णव वर्षांच्या, म्हणजे दुसरं कोण असणार? मला खरंच रडू कोसळलं. या बाईने मला शिव्या देत देत स्वयंपाक शिकवला होता. पांढरी साडी नेसले आणि धावत सुटले. वाटेत सगळं खोरं पांढऱ्यात निघालेलं. वरच्या वाडीतला पळंगप्पा तर कुऱ्हाड घेऊनच निघाला होता. रस्त्यात आंब्याची जाड फांदी तोडून, चितेसाठी म्हणून, चौघांच्या खांद्यावर घालून आणली त्याने.

मी डोळे पुसत ओसरीवर चढले आणि तिथे जी बाई बसली होती तिलाच हुंदके देत विचारलं, "शेवटी तोंडात पाणी तरी पडलं का हो त्यांच्या?"

"कुणाच्या?" बोजक्कांनी विचारलं. हातात भाकरी होती, तांदळाची, वर मध.

मी किंचाळले. मागे पळंगप्पाने खांद्यावरची फांदी सोडली ती स्वतःच्याच पायावर. कोपऱ्यात मेदप्पा काळ्याठिक्कर तोंडाने बंदूक धरून उभे होते.

"मुलगी झाली," ते पुटपुटले.

"मग दोन कशाला?"

"मी एकच उडवला. दुसरा आपला आपण गेला."

अंगणभर हसण्याचा असा कल्लोळ उठला की कोंबड्या छपरावर चढल्या. बोजक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं. "रडलीस?"

"रडले."

"किती?"

"वाटभर."

"बरं," म्हणाल्या, आणि भाकरी संपवली. त्या खूश झाल्या होत्या, लपवत होत्या इतकंच.

मेदप्पांनी सगळा धीर गोळा करून बंदूक त्यांच्या पायाशी ठेवली. "अक्का, चुकलं माझं. पण ही मला देचूलाच द्यायचीय."

"मी काय म्हटलं होतं?"

"तू मेल्याशिवाय नाही."

"मग? अख्खं खोरं पांढऱ्यात उभं आहे. अजून किती मरू? दे तिला!"

मेदप्पांनी तांब्याचा हंडा उचलला आणि फौजेतला ढोल समजून बडवत अंगणभर नाचले. पळंगप्पा लंगडत नाचला. आतून देचू ओरडली, "अज्जा, आधी तो डावा घोडा बांधा!" बांधला. उजवी नळी ठासून बंदूक खिडकीतून आत दिली. खाटेवर बसल्या बसल्या तिने नळी गजांतून बाहेर काढली आणि एक, फक्त एक, खणखणीत बार उडवला. खोऱ्याला कळलं.

"आता अजून एक ठास," बोजक्का म्हणाल्या.

"अक्का! पुन्हा दोन झाले तर पलीकडची माणसं रडत येतील!"

"म्हणून जेवणं झाल्यावर. माझ्या जन्माला कुणी वाजवला नव्हता."

मेदप्पांनी हंडा खाली ठेवला. माझ्या वेळीही वाजला नव्हता.

"ती फांदी माझीच ना?" बोजक्कांनी पळंगप्पाला दरडावलं. "मग बघत काय बसलास? चूल पेटव, डुकराचं मटण चढव!"

ओली फांदी धुमसली, सगळ्यांचे डोळे चुरचुरले, पण मटण शिजलं. तीन वाजता मेदप्पांनी बंदूक धरली आणि बोजक्कांनी स्वतः चाप ओढला. डोळे उघडे ठेवून.

संध्याकाळी टेकडीपलीकडचा एक पाहुणा धापा टाकत आला. "दुपारी बार ऐकला. कोण जन्मलं?"

"मी," बोजक्का म्हणाल्या.